सुट्टीत मुलांना घरीच सिनेमा, गाणी, चित्रं यातून शिकवायचंय, कुणी केलंय का?

ऑरेंजसिटी_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

आम्ही नागपूरला असतो. मुलगी दहा वर्षांची, आता पाचवीत जाईल, मुलगा सात वर्षांचा. इथला उन्हाळा तुम्हाला माहीतच असेल, सकाळी दहा-साडेदहानंतर पोरांना बाहेर सोडायची सोय नाही, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत सगळे कूलरसमोर. त्यात विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे जूनचा शेवट उजाडणार. मी घरूनच काम करते, मिस्टरांचं दुकान आहे, सासूबाई घरी असतात. समर कॅम्पची चौकशी केली पण भर दुपारी ऑटोत बसवून पाठवायला जीव होत नाही.

तर मी ठरवलं की यंदा शिकवणी नाही, वर्कबुक नाही, सिनेमा, गाणी आणि चित्रं यातूनच जे शिकतील ते शिकतील. चार्टपेपरवर टाइमटेबल केलं, अकरा ते बारा चित्रकला, बारा ते एक गाणं, दुपारी सिनेमा आणि त्यावर वहीत पाच वाक्यं. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, मला सिनेमा नको." सिनेमा नको म्हणणारं पोर मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, खूप वाईट वाटलं, कारण सिनेमा तिला भयंकर आवडतो. आणि धाकट्यासाठी 'टिंग्या' लावला, चांगला आहे असं सगळे म्हणतात आणि आहेच चांगला, पण बैलाला खाटकाला विकायची गोष्ट निघाली तसा तो रडायला लागला तो रात्रीपर्यंत, मला बिलगूनच झोपला.

माझं काय चुकतंय? सिनेमा निवडायचा कसा? मला स्वतःला गाणं-वाजवणं काही येत नाही, घरात एक जुनी पेटी आहे सासऱ्यांची, तिच्यातून काही करता येईल का? आणि चित्रकला म्हणजे आमच्याकडे रंगवायचं पुस्तक आणून द्यायचं एवढंच होतं आजवर. अजून एक, दोघं इंग्लिश मीडियममध्ये आहेत, मराठी बोलतात छान पण वाचताना अडखळतात, त्याचंही काही जमलं तर हवंय. ज्यांनी खरंच करून पाहिलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

ठाण्याची_मावशी

ताई, आम्ही मागचे दोन उन्हाळे हेच केलंय म्हणून लिहिते. पहिल्या वर्षी माझंही तुमच्यासारखंच झालं, रोज एक नवीन सिनेमा, रोज एक नवीन क्राफ्ट, आणि दहाव्या दिवशी कुणालाच काही आठवेना. दुसऱ्या वर्षी मी एकच धागा धरला आणि तोच महिनाभर चालवला. तो धागा म्हणजे दादासाहेब फाळके.

त्याचं कारण असं की फाळक्यांची सगळी गोष्टच मुलांना करून बघता येते. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला ३ मे १९१३ ला, म्हणजे ऐन सुट्टीतली तारीख, तुम्ही त्या दिवशी सुरुवात केली तर पोरांना वाढदिवसासारखं वाटतं. पण त्याच्या आधीची गोष्ट जास्त भारी आहे. कुणी पैसे द्यायला तयार नव्हतं तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ कॅमेऱ्याने थोडी थोडी टिपत राहिले, महिनाभराने ती एकापाठोपाठ एक दाखवली तर वाटाणा डोळ्यांसमोर उगवतोय. तीच 'अंकुराची वाढ'. ती दाखवून त्यांनी पैसा उभा केला.

आम्ही हे मुगावर केलं कारण उन्हाळ्यात मूग पटकन येतो. वाटीत ओला कापूस, त्यावर मूग, समोर मोबाईल. मोबाईल अजिबात हलता कामा नये म्हणून आम्ही दोन विटांच्या फटीत अडकवला. सकाळी ७ ते रात्री ९ दर अर्ध्या तासाने एक फोटो. दिवसाचे किती होतील हे मुलांनाच काढू द्या, सगळे २८ म्हणतात आणि मग मोजल्यावर २९ निघतात, ते का यावर आमच्याकडे जेवणाच्या ताटावर भांडण झालं होतं. पाच दिवसांत १४५ फोटो. सेकंदाला दहा धरले तर साडेचौदा सेकंदांचा सिनेमा. एवढा जीव टाकून साडेचौदाच सेकंद, हे कळल्यावर माझा मुलगा गप्प झाला आणि मग म्हणाला की मग तीन तासांचा सिनेमा करणारे किती दिवस करत असतील. वेगळं काही शिकवावं लागलं नाही मला.

मग 'कालिया मर्दन' बघितला, १९१९ चा, मूकपट. त्यात बाळकृष्ण झालीय फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, छोटीशीच आहे, आणि सुरुवातीला ती कॅमेऱ्याकडे बघून नुसते चेहऱ्याचे भाव दाखवते, राग, हसू, रडू. एवढंच बघून बंद केलं तरी चालेल. मुलांना सांगायचं, आता तुम्ही करा, बोलायचं नाही. आमच्याकडे पुढचे तीन दिवस पाणीसुद्धा खुणेने मागत होते. तुमची मुलगी नक्की रमेल. आणि 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून हॉटेलातल्या आचाऱ्याला, अण्णा साळुंक्यांना, साडी नेसवली, आणि घरी सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून वर फिल्मला भोकं पाडायचं, धुवायचं काम करत होत्या, हे मी रात्री गाद्या घातल्यावर गोष्टीसारखं सांगायचे. तेव्हाची बायकांची परिस्थिती, काम, पैसा, यावर मुलीने इतके प्रश्न विचारले की मला उत्तरं शोधायला दुसरा दिवस लागला.

शेवटी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', फाळक्यांवरचाच सिनेमा, २००९ चा. तोपर्यंत मुलांना सगळी माणसं ओळखीची झालेली असतात त्यामुळे ते सिनेमा बघताना "आता वाटाणा येईल बघ" असं एकमेकांना सांगत होते. हा क्रम उलटा केला असता, आधी सिनेमा आणि मग अ‍ॅक्टिव्हिटी, तर मला नाही वाटत इतकी मजा आली असती.

सिनेमा निवडायचं म्हणाल तर आधी स्वतः बघा, पूर्ण. कंटाळा आला तरी बघा. 'टिंग्या' सात वर्षांच्या मुलाला जड जातो, दहा-अकराच्या मुलीला बघू द्या पण बाजूला बसून. धाकट्याला 'एलिझाबेथ एकादशी' दाखवा, पंढरपुरातली पोरं, सायकल वाचवायला वारीच्या गर्दीत बांगड्या विकतात, पैशांचा हिशोब आहे, दोघांनाही चालेल.

---

जुने_मास्तर

मी ३४ वर्षं प्राथमिकला शिकवलं, आता निवृत्त आहे. ताई, तुमचं टाइमटेबल फारसं चुकलं नव्हतं, चुकली ती वहीतली पाच वाक्यं. सिनेमा संपला की लगेच "काय शिकलास" असं विचारलं की मुलाच्या मनात जे काही हलत असतं ते तिथंच थांबतं. मोठ्या माणसाला नाट्यगृहाच्या दारात कुणी पेपर सोडवायला दिला तर तो पुन्हा नाटकाला जाईल का? मी नोकरीत असताना हीच चूक पुष्कळ वर्षं केली म्हणून पोटतिडकीने सांगतो.

सिनेमा झाला की दिवा लावा, पन्हं द्या, गप्प बसा. त्यांना बोलायचं असेल तर ते रात्री नाहीतर चार दिवसांनी आंघोळीच्या वेळी बोलतील. धाकटा रडला ते वाईट झालं असं मानू नका. बैलासाठी रडला म्हणजे त्याला गोष्ट पूर्ण कळली. त्याला जवळ घेतलंत, पुरे आहे.

आणि सगळंच शैक्षणिक करू नका हो. दिवसाचे दोन-तीन तास मोकळे राहू द्या. मुलं "काय करू, काय करू" करत मागे लागतील, लागू द्या. मावशींनी लिहिलेलं मला आवडलं पण त्यातही मुगाच्या फोटोंचं गणित तुम्ही काढायला लावलंत तर कंटाळतील, त्यांना गरज पडली तर ते आपणहून काढतील.

मराठी वाचनासाठी एक सोपं सांगतो. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा. गाणं पाठ असतं त्यामुळे डोळा शब्दावर नुसता धावतो आणि जोडाक्षरं नकळत ओळखीची होतात. माझ्या पहिली-दुसरीच्या वर्गात याने जेवढं काम केलं तेवढं उजळणीने केलं नाही. 'नाच रे मोरा' घ्या, गदिमांचे शब्द, पुलंचं संगीत, आशाबाईंचा आवाज. त्यातला शब्दन् शब्द मुलाला दिसतो.

---

मिरजेचा_पेटीवाला

पेटी आहे म्हणालात आणि मला राहवलं नाही. मी पेटी शिकवतो, लहान मुलांचे क्लासही घेतो.

ताई तुम्हाला काही येत नसलं तरी चालेल, हे करा. पेटीवर नुसत्या काळ्या पट्ट्या बघा, दोन आणि तीन अशा गटात असतात. दोनच्या गटातली पहिली ती काळी एक, मग काळी दोन, मग तीनच्या गटात काळी तीन, चार, पाच. आता काळी तीनला सा म्हणा आणि तिथून फक्त काळ्याच पट्ट्या वाजवत वर जा. झाला भूप राग. सा रे ग प ध, पाचच स्वर, पांढरीला बोटच लावायचं नाही त्यामुळे चुकायची भीतीच नाही. सात वर्षांचं पोरगं पहिल्या दिवशी भूप वाजवतं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पुढची गंमत. पट्ट्या त्याच ठेवा, फक्त सा बदला. काळी एकला सा केला तर त्याच पाच पट्ट्यांतून दुर्गा येतो. काळी चारला सा केला तर मधमाद सारंग. काळी पाचला सा केला तर मालकंस, आणि काळी दोनला केला तर धानी. स्वर तेच, घर बदललं की राग बदलला. याला मूर्च्छना म्हणतात, पण मुलांना नाव सांगायची घाई करू नका. नुसतं सा वर बोट दाबून धरायला लावा (एकाने सा धरायचा, दुसऱ्याने वाजवायचं, म्हणजे दोघांनाही काम) आणि विचारा, आता कसं वाटतंय, सकाळ वाटतेय की रात्र? माझ्याकडे एका मुलीने मालकंसाला "अंधारातला जिना" म्हटलं होतं, मी अजून विसरलेलो नाही. त्या रागाचं चित्र काढायला सांगा, तुमची चित्रकला पण त्यातच झाली.

जुनी पेटी आहे तर आधी भाता बघून घ्या, बरीच वर्षं बंद असेल तर हवा गळत असेल, किंवा एखादी सूरपट्टी अडकून आपोआप वाजत राहील. धूळ फुंकर मारून काढा, आत पाणी-तेल काही लावू नका, जास्त बिघाड असेल तर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या.

तालासाठी वाद्य पण नको, टाळ्या पुरेत. दादरा सहा मात्रांचा, धा धिं ना, धा तीं ना. केरवा आठ मात्रांचा, धा गे ना ती, न क धि न. मुलीने दादरा धरायचा, मुलाने केरवा, एकाच लयीत, आणि पहिल्या मात्रेला म्हणजे समेला जोरात टाळी. दोघांची सम एकदम सुरू होते आणि मग फाटते, आणि बरोबर २४ मात्रा झाल्या की पुन्हा एकत्र येते. तिचे चार दादरे, त्याचे तीन केरवे. ती टाळी एकत्र पडते तेव्हा पोरं किंचाळतात आनंदाने. लसावि पाचवी-सहावीत पुस्तकात येईल तेव्हा येईल, हाताला आधीच कळलेला असेल. मास्तरांचं म्हणणं बरोबर आहे, तेव्हा सांगू नका की हे गणित आहे.

अजून एक, काचेचे सहा-सात ग्लास घेऊन पाणी कमी-जास्त भरून चमच्याने हलकेच वाजवा, जलतरंग. पाणी जास्त तितका सूर खाली. मग बाटलीत पाणी भरून तोंडावर फुंकर मारा, इथं उलटं, पाणी जास्त तितका सूर वर. का उलटं होतं यावर मुलांना चार दिवस डोकं चालवू द्या. (ग्लासात काच थरथरते आणि पाणी तिला जड करतं, बाटलीत वरची हवा थरथरते आणि पाण्याने ती हवा आखूड होते. हे तुमच्यासाठी, त्यांना लगेच नका सांगू.)

ऐकण्यासाठी गीतरामायण. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक नवीन गाणं, वर्षाहून थोडं जास्त चाललं, ५६ गाणी. तुम्हीही तसंच करा, आठवड्याला एकच गाणं, रोज तेच. पहिलंच 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' भूपात आहे, मुलांनी पेटीवर भूप वाजवून मग ऐकलं तर ओळखतील.

---

नोकरीवाली_आई_नाशिक

सगळ्यांचं वाचून छान वाटलं पण एक मनापासून विचारते, हे करायला वेळ कुणाकडे आहे? मी सकाळी नऊला निघते, सातला परत. घरी आजी-आजोबा, त्यांना मोबाईलमधलं फारसं जमत नाही. सुट्टीत आम्ही काही करत नाही याचं मनात सारखं खुपत असतं आणि असे धागे वाचले की अजून वाटतं की आपण कमी पडतोय.

---

ठाण्याची_मावशी

नाशिककर ताई, तुम्ही कमी पडत नाही आहात, तसं वाटलं असेल तर माझं लिहायचं चुकलं. मी शाळेतच नोकरी करते, म्हणून मला सुट्टी मिळते, सगळ्यांना नाही मिळत.

आजी घरी आहेत ना? मग तुमच्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, पाळणे, डोहाळे, मंगळागौरीची गाणी, भुलाबाई नाहीतर भोंडल्याची. मुलांना मोबाईलचा रेकॉर्डर उघडून द्या आणि सांगा, रोज दुपारी आजीकडून एक गाणं रेकॉर्ड करायचं, आणि त्यातला न कळलेला एक शब्द तिलाच विचारायचा. कांडण, मुसळ, रांजण, शेव म्हणजे पदर, असे शब्द पोरांना दुसरीकडे कुठे भेटणार. परीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर जात्यावरच्या ओव्यांचा केवढा तरी मोठा संग्रह आहे, एक लाखाच्या वर ओव्या, खेड्यापाड्यातल्या बायकांनी गायलेल्या, त्यातल्या दोन-चार आजींना ऐकवा, ऐकताच त्यांना स्वतःच्या आठवायला लागतील. माझ्या आईचं असंच झालं होतं. तुम्ही रात्री आलात की ते रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून ऐकायचं, पंधरा मिनिटं. एवढं झालं तरी खूप झालं.

---

चित्रकला_शिक्षक_पालघर

मी पालघर जिल्ह्यात शाळेत चित्रकला शिकवतो. रंगवायच्या पुस्तकांबद्दल एकदा बोलायचंच होतं. त्यात रेषा दुसऱ्याची असते, मूल फक्त भरतं. रेषेबाहेर रंग गेला की ओरडा. मग पाचवीत आलेलं मूल म्हणतं "सर मला चित्र येत नाही". ते पुस्तक बाजूला ठेवा, एवढी विनंती.

आमच्याकडची वारली घ्या पण जरा नीट घ्या. हल्ली सगळीकडे कपांवर, पिशव्यांवर वारली असते आणि मुलं दोन त्रिकोण जोडून माणूस काढतात आणि झालं म्हणतात. मुलांना आधी सांगा की हे मुळात लग्नाचं चित्र आहे. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) काढतात, मध्ये पालघाट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चित्र आणि गाणं तिथं एकत्रच असतं. नंतर जिव्या सोमा म्हशे यांनी हे कागदावर आणलं, रोजचं जगणं त्यात काढलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. माणसं कधी नुसती उभी नसतात बघा, तारपा वाजवणाऱ्याच्या भोवती गोल फिरतायत, मासे पकडतायत, भात लावतायत. प्रत्येक जण काहीतरी करतोय.

तर मुलांना आमचं चित्र कॉपी करायला लावू नका. त्याच आकारांत तुमच्या घरातला उन्हाळा काढायला सांगा. गच्चीवर कुरडया, खाली कूलरमध्ये पाणी भरणारी आजी, आंब्याच्या पेटीभोवती मुलं. वह्यांना घालतो तो खाकी कागद घ्या, तांदूळ भिजवून वाटून त्यात थोडा डिंक, आणि कडुलिंबाची काडी टोकाला चावून मऊ करायची, तोच ब्रश.

रंग पण घरीच करा. हळद पाण्यात कालवली की पिवळा. त्यात चिमूटभर चुना घाला, क्षणात लाल होतो. (चुना पोरांच्या हाताने नको, डोळ्याला वाईट, तुम्ही घाला.) त्याच लालात लिंबू पिळा, परत पिवळा. हळद आणि चुन्याचंच कुंकू करतात हे सासूबाईंना माहीत असेल, त्यांनाच सांगू द्या. बीटाचा गुलाबी, चहापत्तीचा तपकिरी, कोळशाचा काळा. विदर्भात पळस भरपूर, होळीची वाळलेली फुलं कुणाकडे शिल्लक असतील तर उकळून केशरी रंग निघतो. हे रंग उडतात, पंधरा दिवसांनी चित्र फिकं होतं. बीट सगळ्यात आधी जातं, हळद पण उन्हात टिकत नाही. दोन सारखी चित्रं काढून एक खिडकीत आणि एक कपाटात ठेवा आणि बघत राहा, वेगळा प्रयोग लागत नाही.

ज्यांना कोकणात जायला मिळतंय सुट्टीत, त्यांनी कुडाळजवळ पिंगुळीला जरूर जा. ठाकर समाजाची चित्रकथी आहे तिथं, एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारताच्या गोष्टी गाऊन सांगायच्या, आणि कळसूत्री बाहुल्या. मला विचाराल तर सिनेमाच्या आधीचा सिनेमा तो. चित्र, आवाज, गोष्ट सगळं आहे, फक्त वीज नाही.

---

एडिसनहून_लिहितेय

न्यू जर्सीत आमची सुट्टी आत्ता कुठे जूनच्या शेवटी सुरू होईल आणि सप्टेंबरपर्यंत चालेल, म्हणून हा धागा सेव्ह करून ठेवतेय. आमचा प्रश्न मराठीचाच आहे, मुलं समजतात पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. गेल्या वर्षी एक गोष्ट चालली ती सांगते. सिनेमातला पाच मिनिटांचा तुकडा घ्यायचा, आवाज पूर्ण बंद, आणि मुलांनी स्वतः संवाद आणि आवाज द्यायचे. पाऊस म्हणजे स्टीलच्या ताटात साबुदाणा ओतायचा, घोडा म्हणजे दोन करवंट्या, दार म्हणजे आमचं कपाट, ते करकरतंच. संवाद मराठीतच असायला हवेत एवढा एकच नियम. बोलायला हवं म्हणून बोलत नव्हते, त्या माणसाच्या तोंडाच्या हालचालीत बसेल असा शब्द शोधत होते त्यामुळे "नाही" बसत नाही, "मुळीच नाही" बसतं, असं करत करत किती शब्द वापरले. व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी प्रेक्षक.

आणि 'एक अनेक और एकता' दाखवा, १९७४ ची छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म, दूरदर्शनवर लागायची, हिंदी आहे पण दिग्दर्शिका विजया मुळे. माझ्या मुलीने ती बघून कागदाचे पक्षी कापून फ्रिजवर मॅग्नेटने सरकवत स्वतःची फिल्म केली, मोबाईलवरच.

---

ऑरेंजसिटी_आई

साडेतीन आठवड्यांनी परत आलेय, नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू आहे, बाहेर बघवत नाही. सगळ्यांना आधी खूप खूप धन्यवाद.

टाइमटेबल काढून टाकलं. त्या चार्टपेपरच्या मागच्या बाजूला मुलीने 'नाच रे मोरा' लिहिलं, मोर मोठा आणि अक्षरं लहान झालीत पण धाकटा रोज जाता-येता बोट ठेवून वाचतो. पहिल्या आठवड्यात पाठ होतं म्हणून म्हणायचा, आता खरंच वाचतो, कारण एक दिवस मी मुद्दाम दोन शब्द अदलाबदल करून चिकटवले तर त्याने पकडलं.

मुगाचं पहिल्यांदा फसलं. कूलरच्या वाऱ्याने कापूस दर तासाला वाळायचा आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विटा हलवून तिथली धूळ पुसली. मुलगी खूप रडली. मग दुसऱ्यांदा देवघराच्या कोनाड्यात ठेवलं, पाणी घालायची जबाबदारी धाकट्याची, फोटो तिचा. १४५ नाही झाले, ११८ झाले, दुपारी झोपा लागायच्या. पण मूग वर येताना एक क्षण असा आहे की टरफल डोक्यावर टोपीसारखं असतं आणि पुढच्या फोटोत पडलेलं, तो तुकडा आम्ही किती वेळा बघितला सांगता येत नाही. मुलीने त्याला पेटीवरचा भूप लावलाय, स्वतः वाजवून.

पेटीबद्दल काय सांगू. सासरे गेल्यापासून सहा वर्षं ती बंद होती. भात्याला भेग होती, इथं एकांनी दुरुस्त करून दिली. पेटी सुरू झाली तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत होत्या, बाहेर येऊन दारातच उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आपणहून बसल्या आणि सासरे वाजवायचे त्या भजनाच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. पोट्ट्यांना माहीतच नव्हतं की आजी गाते. मलाही नव्हतं, बारा वर्षं झाली लग्नाला. ठाण्याच्या मावशींनी नाशिककर ताईंना सांगितलेलं मीच उचललं, आता रोज दुपारी चारला रेकॉर्डिंग असतं. १९ गाणी झालीत, त्यात सात महादेवाची गाणी, पचमढीला जाताना त्यांच्या लहानपणी गावातली माणसं म्हणायची ती.

सिनेमा आठवड्याला एकच, शनिवारी संध्याकाळी, सगळे मिळून. एकदाही विचारलं नाही काय शिकलात. कठीण गेलं मास्तर, जिभेवर यायचं. 'एलिझाबेथ एकादशी' नंतर तीन दिवस काहीच बोलले नाहीत, चौथ्या दिवशी मुलीने विचारलं की आपल्या दुकानात पण उधारी असते का आणि बाबांना त्याचं टेन्शन येतं का. मिस्टर तिला रविवारी दुकानात घेऊन गेले आणि वही दाखवली.

वारली चालू आहे. धाकट्याने कूलर काढलाय, त्याला हात-पाय काढलेत.

आता मिरजेच्या सरांना एक विचारायचंय. दादरा-केरव्याच्या टाळ्यांपासून धाकटा ताट, डबा, माझी पाठ, सगळ्यावर वाजवतोय, आणि तबला हवा म्हणतोय. सात वर्षं वय लहान आहे का? घेऊन ठेवू की थांबू?

---

मिरजेचा_पेटीवाला

वय बरोबर आहे, बोटं पोहोचतात. पण आत्ता विकत घेऊ नका. आधी जवळपास शिकवणारं कुणी शोधा, तिथल्या तबल्यावर दोन महिने बसू दे. घ्यायची वेळ आली की गुरूंना सोबत घेऊन जा, लहान मुलाला डग्गा जरा लहान लागतो, ते हात ठेवून बघून ठरवतात. तोवर डबा आहेच, फक्त झाकण घट्ट लावलेला द्या, सैल झाकणाने खडखड होते आणि बोल ऐकू येत नाही.

आणि सासूबाईंची ती महादेवाची गाणी, त्यातलं एखादं त्यांची हरकत नसेल तर इथं शब्द लिहून टाका. मला चाल पण ऐकायची आहे.